एकच दार

आजचा धडा जरा नाजूक आहे. हा विषय निघाला की माणसे खाली बघतात. बायका पदर तोंडाला लावतात. पुरुष उठून बाहेर जातात. पण आपण लहान मुले नाही. आपण संसार केलेली माणसे आहोत. म्हणून हा धडा सरळ वाचू या. अडले तर विचारू या.

१. कल्याणची यमुना

सुरुवात आपल्याच कल्याणपासून करू.

कल्याणच्या एका घरात एक मुलगी होती. तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी. ते टपाल खात्यात नोकरीला होते. सासरी यमुनेचे नाव आनंदी झाले. चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला.

त्या काळी अशी मुले घरोघरी जात. लोक म्हणत, "देवाची मर्जी." पण आनंदीबाईंच्या मनाला ते पटले नाही. वेळेवर इलाज झाला असता तर? बायकांना आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगायची लाज वाटते. मग त्या दुखणे अंगावर काढतात. बाई डॉक्टर असती तर? १८८३ साली बंगालमधील सेरामपूरच्या सभेत त्यांनी हीच गोष्ट मांडली. मग त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षयाने आजारी होऊनच. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. वय बावीसही पुरे नव्हते.

त्यांनी दोन गोष्टी ओळखल्या होत्या. लाजेने माणूस मरतो, ही एक. आईचा इलाज वेळेवर झाला तर मूल वाचते, ही दुसरी. आजच्या धड्यात याच दोन गोष्टी आहेत. फक्त रोग नवा आहे.

२. नव्या रोगाची ओळख

आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याला बरोबर शंभर वर्षे झाली, आणि १९८६ साली आपल्या देशात एच.आय.व्ही. सापडला. तो चेन्नईत सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मराठी घरातल्या. पुढे सारा जन्म त्यांनी याच रोग्यांची सेवा केली.

एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक जंतू. आपल्या अंगात रोगाशी झुंजणारी एक ताकद असते. हा विषाणू ती ताकद हळूहळू खातो. इलाज केला नाही तर काही वर्षांनी क्षय, हगवण असे रोग अंगात घर करतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणून एच.आय.व्ही. असणे आणि एड्स होणे, ही एकच गोष्ट नव्हे.

तो चार वाटांनी येतो. शरीरसंबंधातून येतो. दूषित रक्तातून येतो. दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून येतो. आणि आईकडून बाळाला येतो. ही चौथी वाट पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून असते.

तो कशाने येत नाही, हेही नीट वाचा. एका ताटात जेवून येत नाही. हात हातात घेऊन येत नाही. डास चावून येत नाही. एका संडासाने येत नाही. त्या माणसाने केलेली भाकरी खाऊन येत नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पुढच्या गोष्टीत ते लागणार आहे.

३. पोळ्या लाटणारी बाई

ही गोष्ट एकीची नाही. अनेकींच्या हकिगती असतात, त्यांवरून ती रचली आहे. तरीही या बाईला आपण नाव देणार नाही. का देणार नाही, ते धडा संपेपर्यंत तुमच्या ध्यानात येईल.

ही बाई डोंबिवलीत राहते. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते. सकाळी सहाला जाते, बाराला परत येते. नवरा एम.आय.डी.सी.त कारखान्यात पाळीवर जातो. घरात सासू आहे.

बाईला दिवस गेले. तिसरा महिना लागला. पालिकेच्या रुग्णालयात नाव घालायला ती गेली. सिस्टरने वजन केले, रक्तदाब पाहिला. मग म्हणाली, "ताई, रक्त तपासायचं आहे. रक्त किती आहे ते पाहायचं. गरमी आहे का, काविळीचा एक जंतू आहे का, तेही पाहायचं. आणि एच.आय.व्ही.ची तपासणी करायची. करू ना?"

बाई दचकली. "ती कशाला? मी तसली बाई नाही."

सिस्टर हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "तसली-असली काही नसतं. इथं येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही हेच विचारतो. तुमच्या बाळासाठी करायचं. तुमची मर्जी असेल तरच."

बाईने होकार दिला. रक्त दिले. पहिल्या तपासणीत शंका आली. मग त्याच रक्ताची आणखी दोन वेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. तिन्हींचा निकाल एकच आला.

तिला एका खोलीत नेले. दार लावून घेतले. तिथे एक ताई बसल्या होत्या. त्यांचे काम सल्ला देण्याचे, धीर देण्याचे. त्यांना समुपदेशक म्हणतात. ताईंनी हळू आवाजात निकाल सांगितला.

बाई कितीतरी वेळ गप्प बसली. मग तिने एकच विचारले. "माझं मूल मरणार का हो?"

ताई म्हणाल्या, "नाही. आजपासून औषध घेतलंत तर तुम्हीही जगाल आणि मूलही बहुतेक निरोगी जन्मेल. नीट ऐका. इलाज न केलेल्या अशा शंभर आया घेतल्या, तर पंधरा ते पंचेचाळीस मुलांना हा रोग होतो. इलाज नीट केला, तर शंभरात पाचांहून कमी मुलांना होतो. तुम्ही लवकर आलात. हे फार चांगलं झालं."

"आणि हे? ह्यांना काय सांगू? सासूबाई म्हणतील, हिनंच आणलं."

बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबू. बाईचे हे भय खोटे नाही. घरात आधी तपासणी कोणाची होते? बाईची. कारण तिला दिवस जातात. ती दवाखान्यात जाते. तिच्या नवऱ्याचे रक्त तेव्हा कोणी तपासत नाही. म्हणून जिची तपासणी आधी, तिच्यावर बोट आधी. पण आधी कळले म्हणजे आधी झाला, असे मुळीच नाही. रक्ताच्या तपासणीतून 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. कोणी कोणाला दिला, ते त्यातून कळत नाही.

ताईंनी सांगितले, "आज घरी काही बोलू नका. पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या. बाळासाठी बापाचंही रक्त तपासतात, एवढंच सांगा. ते खोटं नाही. तुमची मर्जी असेल तर पुढचं मी त्यांना तुमच्यासमोर समजावीन."

नवरा दोनदा आला नाही. म्हणाला, "मला काय झालंय? मी धडधाकट आहे." तिसऱ्या खेपेला सुट्टीचा वार होता. बाई म्हणाली, "अहो, मूल काय माझ्या एकटीचं आहे?" तेव्हा तो आला. त्याच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. त्याला महिनाभर खोकला होता, म्हणून थुंकीही तपासली. क्षय नव्हता.

घरी येताना दोघे रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. रात्री नवरा म्हणाला, "आईला सांगू नकोस." बाई म्हणाली, "नाही सांगत. पण गोळी दोघांनी एका वेळी घ्यायची. रात्री नऊला." आणि तसे ठरले.

४. जंक्शन

आता आपण गोष्ट सोडून जरा गाडीकडे वळू.

मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली. दुसऱ्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. आज कल्याणला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे नाशिकला जातो, दुसरा कर्जतकडे पुण्याला. म्हणून कल्याण हे जंक्शन. उतारू तिथे उतरतो, पूल ओलांडतो, दुसरी गाडी धरतो. त्याला स्टेशनाबाहेर जावे लागत नाही. चौकशी करत गावभर हिंडावे लागत नाही.

बाईच्या इलाजाचेही असेच आहे. तिला एक गोष्ट लागत नाही, पुष्कळ लागतात. गरोदरपणाची तपासणी लागते. एच.आय.व्ही.चे औषध लागते. अंगावरून पांढरे जात असेल तर त्याचे औषध लागते. पुढे कुटुंबनियोजन लागते. बाळाला लस लागते. ही सगळी कामे निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या वारी असली, तर काय होते?

आपण हिशेब करू. समजा, बाईची दिवसाची मजुरी ४०० रुपये. रिक्षा आणि गाडी मिळून जाऊन-येऊन ६० रुपये. म्हणजे एका खेपेला बुडाले ४६० रुपये. चार दारे चार दिवशी असली, तर ४६० गुणिले ४, म्हणजे १८४० रुपये बुडाले. चारही कामे एका दारात एका दिवशी झाली, तर बुडाले ४६० रुपये. वाचले किती? १३८० रुपये. गरिबाच्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून चौथ्या दाराला पोचायच्या आधीच बाई थकते. म्हणते, "जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना येत नाही.

पैशापेक्षा मोठी अशी दुसरी गोष्टही आहे. ती लाजेची. एखाद्या दारावर नुसती 'एड्स' अशी पाटी लावली, तर त्या दारात उभे राहायला कोण धजेल? शेजारीण बघेल. चाळभर होईल. पण लशीच्या रांगेत उभी असलेली बाई सगळ्यांसारखीच दिसते. तिला कोणी विचारत नाही, "तू इथं कशाला?" एकच दार खेप वाचवते आणि झाकली मूठही राखते.

या विचारालाच 'एकत्रित सेवा' म्हणतात. म्हणजे स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधाचे, बाळंतपणाचे आणि कुटुंबनियोजनाचे जे दवाखाने आहेत, त्यांतच एच.आय.व्ही.ची तपासणी, सल्ला आणि औषधाची सोय जोडून द्यायची.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. संततिनियमन आणि गुप्तरोगांपासून बचाव, या दोन्हींवर ते लिहीत. एकाच खाटेवरून आलेली ही दोन कामे वेगळी कशी करणार? लोकांनी त्यांना नावे ठेवली. आज तीच गोष्ट सरकारी दवाखान्यात सांगतात.

५. कोणत्या दारात काय मिळते

कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ही पालिकांची रुग्णालये. ठाण्याला सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. उल्हासनगरला सरकारचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. अशा ठिकाणी गरोदर बाईची एच.आय.व्ही. तपासणी फुकट होते. ती तिच्या संमतीनेच करायची असते.

औषध. या औषधांना ए.आर.टी. म्हणतात. २००४ सालापासून सरकार ती फुकट देऊ लागले. आधी रोग बराच वाढला तरच औषध मिळे. २०१७ पासून तसे नाही. एच.आय.व्ही. आहे असे कळले की औषध सुरू करायचे. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते. एका गोळीत तीन औषधे असतात. औषधाने रोग समूळ जात नाही, पण विषाणू दबून राहतो. रक्तात तो मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गोळी मात्र जन्मभर, रोज. एक दिवसही चुकवायची नाही.

अंगावरून जाणे. अंगावरून पांढरे जाते, घाण वास येतो, खाज येते, ओटीपोट दुखते. पुरुषाला लघवीला आग होते, पू येतो, जखम होते. जुनी माणसे याला गरमी, परमा म्हणत. अशी जखम असली की एच.आय.व्ही. आत शिरायला वाट सापडते. म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. इथे एक नियम फार मोलाचा आहे. औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचे. एकाने घेतले आणि दुसऱ्याने टाळले, तर रोग पुन्हा परत येतो.

गरमीचे आणखी एक सांगायचे आहे. गरोदर बाईला गरमी असली आणि इलाज झाला नाही, तर मूल पोटातच जाऊ शकते. इलाज पेनिसिलिनच्या इंजेक्शनाचा आहे. म्हणून गरोदरपणात एच.आय.व्ही. आणि गरमी, दोन्ही तपासण्या बरोबरच करतात.

कुटुंबनियोजन. एच.आय.व्ही. असलेल्या बाईलाही मूल हवे असू शकते. नको असू शकते. ते तिने ठरवायचे. नको असेल तर तांबी (कॉपर-टी) आहे, इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, नसबंदी आहे. पुरुषाची नसबंदी तर बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. पण या उपायांनी मूल थांबते, रोग थांबत नाही. रोग अडवायला निरोध लागतो. म्हणून निरोध आणि दुसरा एखादा उपाय, असे दोन्ही बरोबर वापरावे.

गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. एच.आय.व्ही. असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याची भीती इतर बायकांपेक्षा सहापट असते. तपासणी सोपी आहे. व्हिनेगरसारखे पातळ औषध लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधल्या बायकांची अशी तपासणी १९९८ सालापासून करून पाहिली. ती डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

६. बाळ आले

आता पुन्हा आपल्या बाईकडे येऊ.

नऊ महिने भरले. बाई रुग्णालयात बाळंत झाली. पोट चिरावे लागले नाही. एच.आय.व्ही. आहे एवढ्यासाठी पोट चिरत नाहीत. मुलगी झाली. तिला लगेच पातळ औषध सुरू केले. ते रोज, सहा आठवडे पाजायचे होते.

सासूने गुटी उगाळायला घेतली. मध आणला. बाई म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, सहा महिने अंगावरचंच दूध. पाणीसुद्धा नाही." सासू कुरकुरली. पण आता हाच सल्ला सगळ्याच आयांना देतात. शेजारणीच्या सुनेलाही तेच सांगितले होते. म्हणून सासूला शंका आली नाही.

दीड महिन्याने बाई बाळाला घेऊन गेली. त्या दिवशी काय काय झाले पाहा. बाळाला लस टोचली. टाचेतून रक्ताचे चार थेंब काढून कागदावर घेतले. तो कागद सुकवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. बाईची तपासणी करून तांबी बसवली. दोघांच्या गोळ्या मिळाल्या. हे सगळे एका दिवसात, एका आवारात झाले. घरी सासूने विचारले, "एवढा वेळ?" बाई म्हणाली, "लशीला गर्दी होती." तेही खरेच होते.

बाळाच्या रक्तात विषाणू सापडला नाही. सहाव्या महिन्यात पुन्हा पाहिले, वर्षाने पाहिले, आणि दीड वर्षाने शेवटचे पाहिले. तेव्हा ताईंनी बाईचा हात धरला आणि म्हणाल्या, "झालं. तुमची मुलगी सुटली."

७. जिथे दार अडते

सगळे गोड झाले, असे सांगून धडा संपवता येईल. पण ते खरे नाही.

मध्ये एकदा बाईचा दात दुखला. ती एका दुसऱ्या दवाखान्यात गेली. खरे ते सांगावे म्हणून तिने आपल्या गोळ्यांचे सांगितले. तिथल्या माणसाने तिच्या कागदावर लाल शाईने ठळक खूण केली आणि तिला शेवटी बसवले. सगळ्यांच्या देखत मोठ्याने ओरडून विचारले, "तुमचं ते एच.आय.व्ही.चं कार्ड कुठं आहे?" बाई दात तसाच घेऊन घरी आली. त्या दिवशी तिला वाटले, आता पोळी-भाजी केंद्रात कळेल. आपले काम जाईल. लोक म्हणतील, हिच्या हातची पोळी कशी खावी?

तुम्ही दुसऱ्या भागात काय वाचले ते आठवा. भाकरीने हा रोग येत नाही.

आणि असे वागवायला कायद्याने मनाई आहे. एच.आय.व्ही.चा कायदा २०१७ साली झाला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यात काय आहे?

या रोगामुळे कोणाला नोकरीवरून काढता येत नाही. दवाखान्यात इलाज नाकारता येत नाही. शाळेतून मूल काढता येत नाही. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. कायद्यात सांगितलेले थोडे अपवाद सोडले, तर त्या माणसाला न विचारता त्याचा रोग दुसऱ्याला सांगता येत नाही. गरोदर बाईचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या मर्जीवाचून करता येत नाही. तक्रार ऐकायला राज्य सरकारने लोकपाल नेमायचा असतो.

आता कळले ना, या बाईचे नाव आपण का लिहिले नाही? नाव सांगणे न सांगणे तिच्या हाती आहे. ते आपल्या हाती नाही.

अडचण आणखी एक आहे. दार अजून सगळीकडे एक झालेले नाही. कुठे बाळंतपण एका रुग्णालयात आणि ए.आर.टी. दुसऱ्या गावात. कुठे केंद्र उघडे असते तेव्हा नवऱ्याची पाळी असते. या बाईच्या नवऱ्याची गोळी अशीच एकदा आठ दिवस चुकली. तो म्हणाला, "रजा मागू तर कारण काय देऊ?" बाईने केंद्रात जाऊन विचारले. तिथे कळले की प्रकृती स्थिर असेल तर एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. घराजवळ लिंक ए.आर.टी. केंद्र असेल तर तिथूनही मिळतात. तिने विचारले म्हणून कळले. न विचारता कळले नसते.

जगात काही देशांनी हे काम तडीला नेले आहे. आईकडून बाळाला एच.आय.व्ही. आणि गरमी जाणे थांबवल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली क्यूबाला पहिल्यांदा दिला. २०१६ साली थायलंडला दिला. २०१९ साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेला दिला. यातले बरेचसे काम बाळंतपणाच्या साध्या दवाखान्यांतून झाले. श्रीलंकेत होते, तर ठाणे-कल्याणात का होऊ नये?

कल्याणच्या आनंदीबाईंचे बाळ दहा दिवस जगले. डोंबिवलीची ही मुलगी आता दोन वर्षांची आहे. आई पोळ्या लाटायला जाते तेव्हा आजीजवळ राहते. आई आली की पिठाचा गोळा मागते.

लक्षात ठेवा

१. दिवस गेले की लवकर, पहिल्या तीन महिन्यांतच, नाव घाला. एच.आय.व्ही. आणि गरमी, दोन्ही तपासण्या करून घ्या.
२. नवऱ्यानेही तपासणी करावी. शक्य तर दोघांनी एकाच दिवशी करावी. म्हणजे एकावर बोट येत नाही.
३. गोळी रोज घ्यावी. बरे वाटले म्हणून सोडू नये.
४. अंगावरून जात असेल तर लपवू नये. औषध दोघांनी घ्यावे.
५. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. बाळाची शेवटची तपासणी दीड वर्षाने असते. ती चुकवू नये.
६. एका खेपेत आणखी काय होईल, हे सिस्टरला आपण होऊन विचारावे.
७. कोणाचा रोग आपल्याला कळला तर तो आपल्याजवळच ठेवावा.
८. शंका असेल तर १०९७ या नंबरवर फोन करावा. पैसे पडत नाहीत. नाव सांगावे लागत नाही.

शब्दांचे अर्थ

विषाणू – डोळ्यांना न दिसणारा अतिशय बारीक जंतू
संमती – होकार, मर्जी
समुपदेशक – सल्ला आणि धीर देणारी व्यक्ती
एकत्रित सेवा – अनेक कामे एका ठिकाणी करण्याची सोय
लोकपाल – लोकांच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा अधिकारी

प्रश्न

१. आनंदीबाईंना डॉक्टर व्हावे असे का वाटले?
२. एच.आय.व्ही. कोणत्या चार वाटांनी येतो? कशाने येत नाही?
३. "आधी कळले म्हणजे आधी झाला असे नाही." या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
४. समजा, एका खेपेला ५२० रुपये बुडतात. तीन खेपांची कामे एका खेपेत झाली, तर किती रुपये वाचतील?
५. दीड महिन्याच्या खेपेत बाईची आणि बाळाची कोणती कामे झाली? ती वहीत लिहा.
६. तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात यांपैकी कोणती कामे एका दारात होतात? चौकशी करा आणि पुढच्या वर्गात सांगा.